स्टोन्सचं बारसं करणारा

‘रोलिंग स्टोन्स’ म्हटलं की डोळ्यांसमोर दोन चेहरे येतात. जाड ओठांचा, मंचभर नाचणारा मिक जॅगर आणि ओठांत सिगारेट धरून गिटारवर झुकलेला कीथ रिचर्ड्स. साठ वर्षांहून अधिक काळ हा संसार या दोघांनी चालवला, त्यामुळे तो उभाही त्यांनीच केला असावा असा समज होणं साहजिक आहे. पण या बँडला नाव ज्यानं दिलं, माणसं ज्यानं जमवली, पहिल्या करारावर सर्वांच्या वतीनं सही ज्यानं केली, तो या दोघांपैकी कुणीच नव्हता. त्याचं नाव ब्रायन जोन्स. 1969 च्या जुलै महिन्यात, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो आपल्याच घरच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. त्याआधी जेमतेम साडेतीन आठवडे त्याला त्याच्याच बँडमधून काढून टाकण्यात आलं होतं.

त्याच्या मृत्यूबद्दल लोकांनी इतकं लिहिलं आहे की त्याच्या जगण्याकडे फारसं कुणी पाहतच नाही. मला स्वतःला त्या तलावात रस नाही. मला कोडं पडतं ते दुसरंच. स्वतः मांडलेल्या घरात माणूस पाहुणा होतो, मग उपरा होतो आणि शेवटी नकोसा होतो, हे घडतं तरी कसं? ब्रायनच्या बाबतीत ते सहा-सात वर्षांत घडलं. आणि दोष एकट्या कुणाच्या पदरात घालावा, तर तेही जमत नाही.

ब्रायनचा जन्म 28 फेब्रुवारी 1942 चा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम या सभ्य, शिस्तप्रिय गावातला. वडील विमानांच्या कारखान्यात अभियंता, आई पियानोच्या शिकवण्या घेणारी. दोघंही मूळचे वेल्सचे. घरात संगीत होतं, पण ते देवळातल्या प्रार्थनेचं आणि सनदशीर धड्यांचं. ब्रायनच्या पाठची एक बहीण अगदी लहानपणी रक्ताच्या कर्करोगानं गेली. त्याला स्वतःला दम्याचा विकार होता, तो आयुष्यभर पुरला. पोरगा शाळेत हुशार, बुद्धीनं तल्लख. पण कुणाचं ऐकून घेणं स्वभावातच नव्हतं. क्लॅरिनेट शिकला, सॅक्सोफोन शिकला, मग सतराव्या वाढदिवसाला गिटार हातात आली. कुठलंही वाद्य द्यावं आणि काही दिवसांत त्यानं त्यातून सूर काढून दाखवावा, ही त्याची देणगी होती.

दुसरी बाजूही इथेच सांगून टाकतो. विशी पूर्ण होण्याआधीच हा एकाहून अधिक मुलांचा बाप झाला होता आणि त्यांतल्या एकाचीही जबाबदारी त्यानं धडपणे घेतली नाही. गावात बोभाटा झाला, शाळा सुटली, घरच्यांशी संबंध विटले. गोड बोलून काम साधायचं आणि निभावायची वेळ आली की पाठ फिरवायची, ही खोड त्याला तेव्हापासूनची. पुढे बँडमध्येही ती सुटली नाही.

1962 सालच्या मार्चमध्ये लंडनच्या ईलिंग भागात अलेक्सिस कॉर्नर या वादकानं ब्लूज संगीतासाठी एक क्लब सुरू केला. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं, कष्टाचं, कधी चावट विनोदाचंही गाणं. इंग्लंडमध्ये तेव्हा ते मूठभर वेड्यांनाच ठाऊक होतं. 7 एप्रिलच्या रात्री केंट परगण्यातून आलेली दोन मुलं, मिक आणि कीथ, त्या तळघरात शिरली आणि मंचावर त्यांना सोनेरी केसांचा एक बुटकेला तरुण दिसला. बोटात नळी घालून तो गिटारच्या तारांवरून सरकवत होता आणि वाद्याला रडवत होता. स्वतःचं नाव त्यानं ‘एल्मो लुईस’ असं भारदस्त ठेवलं होतं. ही दोन मुलं अवाक् झाली. त्यांनी जे फक्त तबकड्यांवर ऐकलं होतं ते त्यांच्याच वयाचा एक गोरा पोरगा समोर बसून वाजवत होता! त्या रात्री कोण कुणाचा भक्त होता, हे ध्यानात ठेवलं म्हणजे पुढची गोष्ट नीट कळते.

मे महिन्यात ब्रायननं ‘जॅझ न्यूज’ नावाच्या पत्रात वादक हवेत अशी जाहिरात दिली. पहिला आला तो इयन स्ट्युअर्ट, दणकट हातांचा पियानोवादक. मग मिक आणि कीथ आले. पहिला कार्यक्रम ठरला तेव्हा त्याच पत्राला फोनवरून बँडचं नाव कळवायचं होतं आणि नाव तर ठरलेलंच नव्हतं. जमिनीवर मडी वॉटर्सची तबकडी पडली होती, तिच्यावरच्या एका गाण्याच्या नावावर ब्रायनची नजर गेली आणि त्यानं ते ठोकून दिलं. असं झालं स्टोन्सचं बारसं. 12 जुलै 1962 रोजी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्की क्लबमध्ये ते पहिल्यांदा वाजले.

त्या वर्षीचा हिवाळा इंग्लंडच्या इतिहासातल्या कडक हिवाळ्यांपैकी एक. चेल्सीतल्या एडिथ ग्रोव्ह या रस्त्यावरच्या एका गलिच्छ बिऱ्हाडात ब्रायन, मिक आणि कीथ राहत होते. मिक तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता, त्यामुळे दिवसा तो तासांना जाई. घरात उरत ब्रायन आणि कीथ. खिशात दमडी नाही, पोटात अन्न नाही, खोलीत ऊब नाही. दोघं पांघरुणात गुंडाळून जिमी रीडच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावायचे आणि दोन गिटारी एकमेकींत अशा गुंफायच्या की कुठली कुणाची हे ऐकणाऱ्याला कळू नये, याचा ध्यास घेऊन बसायचे. वेणीच्या पेडांसारखी ती गुंफण पुढे स्टोन्सच्या संगीताचा कणा ठरली. ब्रायनच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी त्या थंडगार खोलीकडे बोट दाखवीन.

तिघांच्या मैत्रीत एक अडचण असते. दोघांचं सूत जुळलं की तिसरा आपोआप बाहेर पडतो. एडिथ ग्रोव्हमध्ये बाहेरचा होता मिक. डिसेंबरमध्ये बिल वायमन हा बेसवादक आला, जानेवारी 1963 मध्ये चार्ली वॉट्स हा तबीयतदार ड्रमवादक आला. हे दोघं वयानं आणि वृत्तीनंही थोडे शांत. भांडणात पडायचं नाही, वाजवायचं आणि घरी जायचं, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे सत्तेचा खेळ त्या तिघांतच रंगला.

आता या गोष्टीत चौथा माणूस येतो. अँड्र्यू लूग ओल्डहॅम. वय वर्षं एकोणीस! 1963 च्या एप्रिलमध्ये रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबमध्ये त्यानं स्टोन्सना पाहिलं आणि हे सोनं आहे हे ओळखलं. स्वतःला परवाना मिळण्याइतकंही त्याचं वय नव्हतं, म्हणून एरिक ईस्टन नावाचा अनुभवी एजंट त्यानं भागीदार म्हणून घेतला. करारावर बँडच्या वतीनं सही केली ती ब्रायननं. बीटल्सना नाकारून हात पोळून घेतलेल्या डेक्का कंपनीनं त्यांना लगेच घेतलं आणि 7 जून रोजी पहिली तबकडी बाजारात आली.

ओल्डहॅमनं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे इयन स्ट्युअर्टला फोटोतून काढलं. सहा जण फार होतात आणि याचा चेहरा पोस्टरवर शोभत नाही, हे त्याचं कारण. स्ट्युअर्टनं सामानाची गाडी चालवावी, रेकॉर्डिंगला पियानो वाजवावा, पण मंचावर अधिकृतपणे उभं राहू नये. ब्रायनच्या हाकेला पहिल्यांदा ओ देणारा हा माणूस. त्याच्यासाठी ब्रायन भांडला का? नाही. प्रसिद्धी दारात आली होती, ती त्याला कुणाही इतकीच हवी होती. स्ट्युअर्टनं मात्र अपमान गिळला आणि 1985 मध्ये मृत्यू येईपर्यंत बँडची सेवा केली. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा माणूस. असो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उघडकीला आली. आपण प्रमुख आहोत या नात्यानं ब्रायन आठवड्याला पाच पौंड जास्त घेत होता, आणि तेही इतरांना न सांगता. रक्कम किरकोळच. पण एका पावाचे तुकडे वाटून खाल्लेल्या पोरांना ती किरकोळ वाटली नाही. कीथ आणि बिल यांनी पुढे अनेक वर्षांनी आपापल्या आठवणी लिहिल्या, तेव्हाही ते पाच पौंड दोघेही विसरले नव्हते. पुढारीपण मागून मिळत नाही, आणि चोरून तर नाहीच नाही.

ओल्डहॅमची दुसरी गोष्ट अधिक दूरगामी ठरली. बीटल्स स्वतःची गाणी स्वतः करतात, मग तुम्ही दुसऱ्यांची किती दिवस वाजवणार, असा त्याचा सवाल होता. त्यानं मिक आणि कीथला गाणी लिहायला बसवलं. स्वयंपाकघरात कोंडून घातलं आणि गाणं झाल्याशिवाय दार उघडलं नाही, अशी दंतकथा आहे. खरीखोटी कशीही असो, गाणी होऊ लागली. आणि इथे थोडा हिशेब समजून घ्यायला हवा. तबकडी विकली गेली की वादनाचे पैसे पाचही जणांत वाटले जात. पण गीत-संगीताचं मानधन वेगळं, ते फक्त ज्यांच्या नावावर गाणं आहे त्यांना. रेडिओवर वाजलं, दुसऱ्या कुणी गायलं, तरी त्यांनाच. सुरुवातीला काही गाणी पाचही जणांनी मिळून केली, तेव्हा ‘नॅन्कर फेल्ज’ असं एक काल्पनिक नाव घालून पैसे सारखे वाटण्याची पद्धत होती. हळूहळू ते नाव मागे पडलं आणि तबकड्यांवर ‘जॅगर-रिचर्ड्स’ एवढंच उरलं.

ब्रायननं गाणी का लिहिली नाहीत? काही त्यानं लिहिली होती, पण दाखवायची त्याला भीती वाटे, असं काही म्हणतात. त्याला वाद्यांचं अंग होतं, शब्दांचं आणि रचनेचं नव्हतं, असं काही म्हणतात. मला दुसरं जास्त पटतं. दुसऱ्याच्या गाण्यात नेमकी कोणती एक गोष्ट कमी आहे हे त्याला क्षणात कळे. पण कोऱ्या कागदापुढे तो गोठून जाई. अशी माणसं कलेत असतात आणि त्यांची जागा मोठी असते. मात्र रॉयल्टीच्या कागदावर त्या जागेला रकाना नसतो.

1964 च्या अखेरीस ‘लिटल रेड रूस्टर’ हे जुनं ब्लूज गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ते ब्रायनच्या स्लाइड गिटारच्या जोरावर. तो त्याच्या स्वप्नाचा कळस होता आणि तिथूनच उतार लागला. 1965 मध्ये ‘द लास्ट टाइम’ आलं, मग ‘सॅटिस्फॅक्शन’ आलं. जग वेडं झालं. ज्या गाण्यानं बँडला अमर केलं ते ब्रायनला मनापासून आवडत नव्हतं, आणि मंचावर ते चालू असताना तो मध्येच ‘पॉपाय द सेलर’च्या कार्टूनची धून वाजवून त्याची टर उडवी, असं सांगितलं जातं. हजारो लोकांच्या किंकाळ्यांत ते कुणाला ऐकू जात नसे. बाजूला उभ्या असलेल्या कीथला मात्र जाई.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘शिंडिग’ या टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा स्टोन्सनी अट घातली की आमच्याबरोबर हाउलिन वुल्फ या बुजुर्ग कृष्णवर्णीय गायकाला बोलवा. वुल्फची ओळख करून देताना ब्रायनचा चेहरा पाहावा. निवेदकाला गप्प करून म्हाताऱ्याला गाऊ द्या, असं तो जवळजवळ दटावतोच. मग पाचही जण त्या धिप्पाड माणसाच्या पायाशी बसून ऐकतात. ते चित्रीकरण पाहताना मी ब्रायनचे बाकीचे गुन्हे थोडा वेळ विसरतो.

1966 मध्ये ‘आफ्टरमॅथ’ ही तबकडी आली. तिच्यावरचं प्रत्येक गाणं जॅगर-रिचर्ड्स यांचं. कागदावर ब्रायन कुठेच नाही, आणि कानांना मात्र तो सगळीकडे! ‘अंडर माय थंब’मधला मारिम्बा त्याचा, ‘लेडी जेन’मधलं डल्सिमर त्याचं. त्याच सुमारास ‘पेंट इट ब्लॅक’साठी त्यानं सतार हातात घेतली. पंडित रविशंकरांचे शिष्य हरिहर राव यांच्याकडे त्यानं थोडे धडे घेतले होते. आपल्या कानांना ती सतार कच्ची वाटते हे खरं. रागाचा विस्तार नाही, मींड नाही. जॉर्ज हॅरिसननं बीटल्ससाठी त्याआधी काही महिने सतार वाजवली होती, म्हणजे कल्पनाही पहिली नव्हे. पण ‘पेंट इट ब्लॅक’मधून ती सतार काढून पाहा. गाण्याचा प्राणच जातो. पुढच्या वर्षीच्या ‘रूबी ट्यूसडे’मधली बासरीसारखी रेकॉर्डर त्याचीच, आणि त्या चालीतही त्याचा किती हात होता यावर जाणकारांत आजही वाद आहे. श्रेय अर्थातच दोघांच्या नावावर.

गिटार हातातून सुटत चालली म्हणून तो ही सारी वाद्यं उचलत होता का? की खरोखर कंटाळला होता? दोन्ही असावं. त्यात दमा, दारू आणि अमली पदार्थ. दौऱ्यावर तो आजारी पडे; 1964 मध्ये शिकागोच्या रुग्णालयात पडून राहिल्यानं काही कार्यक्रमांना मुकला. तो नसला की कीथला दोन गिटारींचं काम एकट्यानं ओढावं लागे. पहिल्यांदा माणूस हे प्रेमानं करतो. पाचव्यांदा दात-ओठ खात करतो. आणि दहाव्यांदा त्याच्या लक्षात येतं की एकट्यानंही भागतंय.

तरीही 1966 मध्ये पारडं पुन्हा एकदा फिरलं होतं. अनिता पॅलनबर्ग ही देखणी, तल्लख नटी ब्रायनच्या आयुष्यात आली होती. दोघांच्या लंडनच्या घरी कीथ राहायला आला आणि जुनी जोडी पुन्हा जमली; मिक पुन्हा बाहेरचा. पण ब्रायन अनितावर हात टाकी. हे लपवण्यात अर्थ नाही आणि त्याच्या प्रतिभेच्या नावाखाली त्याला माफी देण्यातही नाही. 1967 च्या सुरुवातीला सारे मोटारीनं मोरोक्कोला निघाले. वाटेत फ्रान्समध्ये ब्रायन आजारी पडला, तुलूझच्या रुग्णालयात राहिला, बाकीचे पुढे गेले. तो मागाहून पोचला तोवर अनिताचं मन कीथकडे वळलं होतं. माराकेशला पुन्हा भांडण, पुन्हा मारहाण. आणि एके दिवशी ब्रायन बाहेर गेलेला असताना सारी मंडळी सामान बांधून निघून गेली. परत आला तेव्हा हॉटेलात कुणी नव्हतं.

त्याच वर्षी पोलिसांनी अमली पदार्थांवरून स्टोन्सना धारेवर धरलं. मिक आणि कीथ 10 मे रोजी न्यायालयात उभे होते, त्याच दिवशी लंडनमध्ये ब्रायनच्या घरावर छापा पडला. त्या दोघांवरच्या खटल्यानं देश ढवळून निघाला आणि अपिलात ते सुटले, वीर ठरले. ब्रायन मात्र आतून कोसळला. ऑक्टोबरमध्ये नऊ महिन्यांची शिक्षा, डिसेंबरमध्ये अपिलात ती रद्द होऊन एक हजार पौंड दंड आणि तीन वर्षांची देखरेख. 1968 च्या मेमध्ये पुन्हा अटक. एकाच संकटानं दोघांना पोलाद केलं आणि तिसऱ्याची माती.

असं असूनही 1968 मधलं ‘नो एक्स्पेक्टेशन्स’ ऐकावं. ते ज्या तबकडीवर आहे, ती बनत असताना तो बहुतेक वेळ गैरहजर किंवा असून नसल्यासारखा. पण या एका गाण्यात त्याची स्लाइड गिटार अशी काही हळुवार येते की वाटतं, हा माणूस निरोप घेतो आहे. त्याच उन्हाळ्यात तो मोरोक्कोतल्या जजूका या डोंगरी गावात गेला आणि तिथल्या पारंपरिक वादकांचं ध्वनिमुद्रण करून आला. जगभरच्या लोकसंगीताला शहरी श्रोता मिळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ती तबकडी 1971 मध्ये निघाली. पाहायला तो नव्हता.

बँडला आता अमेरिकेचा दौरा करायचा होता. ब्रायनच्या नावावर गुन्हे, त्यामुळे व्हिसा कठीण. आणि व्हिसा मिळाला असता तरी तो वाजवू शकला असता याची खात्री नव्हती. 8 जून 1969 रोजी मिक, कीथ आणि चार्ली ससेक्समधल्या त्याच्या घरी गेले. हे घर पूर्वी ‘विनी द पू’ लिहिणाऱ्या ए. ए. मिल्न यांचं. दोघांबरोबर चार्ली गेला हे मला महत्त्वाचं वाटतं. एरवी तो कुठल्याच बाजूचा नव्हता. तू आता बँडमध्ये नाहीस, हे ऐकून ब्रायननं आरडाओरडा केला नाही. संगीताबद्दलच्या मतभेदांमुळे आपणच बाहेर पडत आहोत, असं निवेदन त्याच्या नावे निघालं. जागा मिक टेलर या वीस वर्षांच्या मुलानं घेतली.

2 जुलैच्या रात्री उशिरा ब्रायन तलावात सापडला. अपघाती मृत्यू, असा निकाल झाला. यकृत आणि हृदय दोन्ही वाढलेली होती. खुनाच्या कहाण्या पुढे पुष्कळ निघाल्या. ससेक्स पोलिसांनी 2009 मध्ये कागदपत्रं पुन्हा तपासली आणि 2010 मध्ये प्रकरण नव्यानं उघडण्याइतकं काही नाही असं सांगितलं. 5 जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये नव्या गिटारवादकाची ओळख करून देणारा मोफत कार्यक्रम आधीच ठरलेला होता. तो ब्रायनच्या स्मृतीला वाहण्यात आला. मिकनं शेलीची कविता वाचली, हजारो पांढरी फुलपाखरं सोडण्यात आली. त्यांतली बरीचशी खोक्यांतच मेली होती.

2003 च्या एप्रिलमध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, तेव्हा मी गर्दीत होतो. मिक साठीला टेकलेला आणि तरी वाऱ्यासारखा धावत होता. शेजारच्या कॉलेजच्या मुलांना मी ब्रायनबद्दल विचारलं. त्यांनी नम्रपणे विचारलं, काका, तो कोण? मला राग आला नाही. ब्रायन राहिला असता तर हा बँड 1970 देखील पाहू शकला नसता, हे मीही जाणतो. बिल वायमन मात्र कायम सांगत आला की स्टोन्स उभे केले ते ब्रायननं, आणि 1993 मध्ये बिल स्वतःही त्या बँडमधून बाहेर पडला.

10 जुलै 1969 रोजी चेल्टनहॅमला ब्रायनचा दफनविधी झाला. ज्या गावानं त्याच्या नावानं नाकं मुरडली होती, तिथले रस्ते माणसांनी भरले होते. मिक ‘नेड केली’ चित्रपटासाठी ऑस्ट्रेलियाला गेला होता. कीथ आला नाही. बँडमधले दोघेच आले होते, बिल आणि चार्ली.